डाळ सोडली, माळ पडली

ती. सरूअक्का,

परंदवडीहून धाकट्या केरबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा हाय? भुशी धरणावर कणसांची गाडी बरी चालली असंल. हितं आमी समदी खुशाल (म्हणजे मी सोडून).

पंधरा दिवसांमागं कंपनीत हात धुताना घड्याळ काढलं, तर मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग. चुना असंल म्हणून साबणानं घासला, मग दगडानं. कातडं सोललं, डाग तितंच. मोबाईलवर वाचलं की ह्या दुखण्यात (नाव लिहायला हात धजत न्हाई) आपलंच अंग आपल्या कातडीवर उलटतं, आणि कुठल्याशा अमिनो आम्लाचा त्याच्याशी संबंध हाय का, ते शास्त्रज्ञ तपासत्यात. ही आम्लं डाळीत, अंड्यात, शेंगदाण्यात, मटणात. त्यातलं गुन्हेगार कोणतं ते मला कळंना, म्हणून मी सगळ्यांनाच हाकललं. नुसत्या भातावर दिवस काढतोय. तुझ्या भावजयीला, सविताला सांगितलं, व्रत हाय.

हितंच घोळ झाला. जत्रंत मी मटणाचं ताट परत केलं. आपल्याकडं जत्रंचं मटण नको म्हणणारा एकतर आजारी, न्हाईतर माळकरी. आजारी हाय म्हणायची छाती झाली न्हाई. दुसऱ्या दिवशी हनुमंतबुवा तुळशीची माळ घेऊनच दारात. डाग दिसू नये म्हणून मी हात पाठीमागं धरलेले, तर बुवा म्हणाले, काय ही नम्रता. चारचौघांत माळ गळ्यात पडली. परवा भजनात अशक्तपणानं चक्कर आली, तर लोक म्हणाले, भाव दाटला. आता डॉक्टरनं अंडी खा म्हणून सांगितलं तरी गावात अंडं फोडायची सोय न्हाई.

हसू नको. मला लय भ्या वाटतंय. रोज आंघोळीला दार लावून सगळं अंग तपासतो.

तुझा भेदरलेला भाऊ,
केरबा

ता. क. तळेगावात कातडीच्या डॉक्टरकडं गुरुवारचा नंबर लावलाय. एकट्याचा पाय निघत न्हाई. तू चल.

ता. क. आणखी एक. तुझ्या हातांवर कोड हाय म्हणून माझ्या लेकीच्या, सारिकाच्या लग्नात तुला हळद लावू दिली न्हाई, कोठीवर बसवलं. सविताचं नाव पुढं केलं, पण ते माझंच डोकं होतं. पुढल्या महिन्यात सारिकाच्या बाळाचं बारसं हाय. अक्का, मी कुटं बसू?