रेघेखालचा उंबरपाडा

सर, तुमचं रेडिओचं लॉगबुक माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी तुमच्या घरच्या बाईंनी मला बोलावून दिलं. "ह्यातलं मला काही कळत नाही, पण मधे मधे तुझं अक्षर दिसलं, म्हणून रद्दीत घातलं नाही," म्हणाल्या. सेट तोवर कुणीतरी घेऊन गेलं होतं. ती वही मी अनेकदा उघडली आणि दर वेळी एकाच पानावर थांबले. त्या पानावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडले नाही, कारण तुमच्यापुढे मी शाळकरी पोर होते. आज मी तुमच्या अखेरच्या वयापेक्षा मोठी आहे. ते कारण आता चालणार नाही.

तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात आणि घरी हौशी रेडिओ चालवायचात. परवाना काढून, स्वतः जोडलेल्या सेटवरून, लांबलांबच्या तसल्याच हौशी माणसांशी बोलायचं. त्यात धंदा नाही, बातम्या नाहीत, गाणी नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जव्हारच्या वसतिगृहात रविवारी सकाळी मुलींना भेटायला घरची माणसं यायची, कुणाचा बाप नागलीची भाकर फडक्यात बांधून आणायचा, आणि माझ्याकडे कुणी येत नसे. दिवाळी झाली की आमचा अख्खा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. दारं लावलेली, कोंबड्यासुद्धा सोबत नेलेल्या. घरी जायचं म्हटलं तरी कुणाच्या घरी? म्हणून एका रविवारी वर्गाच्या वह्या तुमच्याकडे पोचवायचं काम मी मागून घेतलं होतं. दारात आले तर आत एक माणूस खाकरत बोलत होता आणि खोलीत तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "बस. आवाज करू नकोस. ऐक."

मी ऐकते आहे. कौलावरून समोरच्या जांभळापर्यंत तार बांधलेली, खिडकीतून आत आलेली, आणि त्या तारेतून माणसं येताहेत. रविवारी सकाळी सगळ्यांची हजेरी असते. एकजण पुकारतो, बाकीचे आपापली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खुणेची अक्षरं, सांगतात, मग नाव, मग ठिकाण. शाळेच्या हजेरीत हजर म्हटलं की संपतं. इथे हजर म्हटल्यावर पुढचा माणूस विचारतो, कसं ऐकू येतंय, तिकडे हवा कशी आहे, गेल्या रविवारी का नव्हता. एक रविवार चुकला तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे मला इतकं नवीन होतं की परतताना रस्ताभर मी तेच घोकत गेले. दुसरं म्हणजे, तिथे कुणाला कुणी दिसत नव्हतं. माझा उसवलेला परकर दिसणार नव्हता, पायातल्या भेगा दिसणार नव्हत्या. आवाज पोचला की माणूस पोचलं. पुढचा रविवार मी सोडला नाही, आणि त्याच्या पुढचाही नाही.

ऐकण्यातच सहा महिने घालवलेत तुम्ही. मग लिहायला दिलंत. लॉगबुकात वेळ, कॉलसाइन, आवाज किती स्पष्ट आला, नाव, ठिकाण. खोडरबर तुम्ही हातातून काढून घेतलंत. "चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. आपण काय चुकलो ते झाकायचं नसतं." ही शिस्त मला आवडली. रोजनिशीतही मी अजून तशीच खोडते. आणि मग एका रविवारी तुम्ही माइक माझ्यापुढे सरकवलात. परवाना तुमचा, मी शिकाऊ, तुम्ही शेजारी बसला असाल तरच दोन वाक्यं बोलायची. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतंत: नमस्कार, माझं नाव अमुक, ठिकाण जव्हार, आवाज छान येतोय, धन्यवाद.

बेळगावकडचे ते वयस्कर गृहस्थ होते पलीकडे, खाकरत बोलणारे. चिठ्ठी मी एका दमात वाचली. ते म्हणाले, "शाब्बास बाळ. नाव कळलं. जव्हारही कळलं, सर जव्हारचे ते ठाऊक आहे आम्हाला. तू मूळची कुठली?"

चिठ्ठीत ह्याचं उत्तर नव्हतं. मी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "मी उंबरपाड्याची. मोखाड्याच्या पल्याड. घरी आता कोनी नाय, सगली भट्टीवर गेलीत."

"गावाचं नाव तुटलं बाळ. अक्षरं सांग."

अक्षरं सांगायची रीत, दर इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द, तुम्हीच शिकवली होतीत. मी सुरू केलं. युनिफॉर्म, माइक, ब्राव्हो, अल्फा, रोमिओ. पापा, अल्फा, डेल्टा, अल्फा. सर, तीनचारशे माणसांचा आमचा पाडा, एसटीच्या पाटीवर नाही, नकाशावर नाही, आणि मी त्याचं एकेक अक्षर आभाळात ठेवते आहे आणि बेळगावला एक म्हातारा माणूस ते कागदावर उतरवून घेतो आहे. तो म्हणाला, "उंबरपाडा. बरोबर?" तेवढ्यात तुम्ही माइक माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, "स्टेशन जव्हार. ऑपरेटर शिकाऊ आहे. क्षमस्व."

क्षमस्व. कशाबद्दल, सर?

सेट बंद करून तुम्ही माझ्याकडे वळलात. "स्टेशन कुठे आहे ते सांगायचं असतं. तू कुठली, घरी कोण आहे, हे सांगायचं नसतं. आणि सगली नाही. सगळी. समोरच्याला कळलं पाहिजे." मी म्हणाले, "त्यांनी विचारलं सर. त्यांना कळलं पण." आता इथे मला थांबावं लागतं. हे मी खरंच म्हणाले, की म्हणायला हवं होतं असं वाटून इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडी घातलं? त्या दिवशीच्या रोजनिशीत फक्त एवढंच आहे: 'रेडिओ. सर रागावले. जेवायला वांगं.' तेव्हा म्हणाले नसेन तर आज म्हणते. त्यांनी विचारलं होतं आणि त्यांना कळलंही होतं. लॉगबुकात ठिकाणाच्या रकान्यात माझ्या नावापुढे मी उंबरपाडा लिहिलं होतं. तुम्ही लाल पेनने त्यावर रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, 'जव्हार, जि. ठाणे'. तेच हे पान.

नियम तुमच्या बाजूने आहे, हे मी अभ्यास करून मान्य करते. परवान्यावर जो पत्ता, तेच स्टेशनचं ठिकाण. माझ्या बडबडीने तुमच्या परवान्यावर कुणी बोट ठेवलं असतं तर माझा तो एकुलता एक रविवारही गेला असता. कदाचित तुम्ही त्यालाच घाबरलात. पण मग शिरपामाळाचं काय? त्या हिवाळ्यात तुम्ही परवानगी काढून, बॅटरी डोक्यावर घेऊन, आम्हा पाचसहा मुलांना जव्हारजवळच्या शिरपामाळावर नेलंत, तिथून सेट लावलात आणि दर माणसाला सांगितलंत, "शिरपामाळ, शिरपामाळ, महाराज इथे थांबले होते." तुमचा आवाज कसा फुलला होता. त्या दिवशी स्टेशन तिथे होतं, तेव्हा नियमाने तेही बरोबरच. पण ज्या माळावर घर नाही, चूल नाही, त्याचं नाव घेताना तुम्ही ताठ बसलात, आणि जिथे माझी आई चूल लिंपून, दार लावून गेली होती त्या पाड्याबद्दल तुम्ही परक्या माणसाची माफी मागितलीत. रेघ नियमाने मारली असेल. माफी नियमात कुठे होती?

त्यानंतर दोन रविवार मी आले नाही. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात मला एक कार्ड दिलंत. बोलणं झालं की ही मंडळी एकमेकांना पोस्टाने पोचपावतीचं कार्ड पाठवतात. कार्ड तुमच्या कॉलसाइनला आलं होतं, पण मागे निळ्या शाईत थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'उंबरपाड्याच्या ऑपरेटरला. आवाज अगदी स्वच्छ आला. घरची मंडळी भट्टीवरून परतली की कळव.' रविवारी येणार का, एवढंही विचारलं नाहीत. खिशातून कार्ड काढलंत, पुढे केलंत आणि वर्गात निघून गेलात. ते तुम्ही ठेवून घेऊ शकला असतात, कार्ड तुमच्या स्टेशनचं होतं. मी आले रविवारी. त्याबद्दल तुमची आभारी आहे, आणि ह्या भांडणात ते तुमच्या बाजूला लिहून ठेवते. पण पुढची दोन वर्षं मी माइकवर जव्हार, जव्हार म्हणत राहिले आणि सगळी, सगळी म्हणत राहिले, आणि कॉलेजात गेल्यावर माझं बोलणं ऐकून कुणी ओळखेना की मी कुठली. लोक ह्याला कौतुक समजायचे.

आता मी मोखाड्यात एका कार्यालयात असते आणि दिवसभर लोकांचे अर्ज भरून देते. कायमचा पत्ता, ह्या रकान्यापाशी माणूस माझ्याकडे बघतो. "बाई, पाड्याचा लिवू का भट्टीचा?" मी म्हणते, पाड्याचा. ठासून म्हणते. हे वर्षानुवर्षं केल्यावर एक दिवस मला स्वतःची लाज वाटली, मी मात्र माइकवर जव्हारच म्हणत आले होते. चाळिशी उलटल्यावर रेडिओ परवान्याच्या परीक्षेला बसले, विशीतल्या पोरांच्या रांगेत, आणि पास झाले. अर्जात स्टेशनचा पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा ठाण्याचे एक जुने हौशी म्हणाले, "मॅडम, जव्हारचा कुणाचा तरी द्या. तो पाडा शोधत कोण येणार?" मी म्हटलं, "कुणी येऊ नये. ऐकू आलं की पुरे." परवाना आला, सर. त्यावर उंबरपाडा छापलेलं आहे. जिल्हा पालघर. तुम्ही लाल पेनने लिहिलेलं 'जि. ठाणे' आता खरं राहिलेलं नाही, आणि तुम्ही खोडलेलं मात्र होतं तिथेच आहे. हे लिहिताना मला आनंद होतोय. तो मी लपवणार नाही.

तार मी आणि भावाने आमच्या घराच्या आढ्यापासून मोहाच्या झाडापर्यंत बांधली. आई ओट्यावर बसून बघत होती. आता ती भट्टीवर जात नाही, गुडघे गेलेत. "एवढी लांब दोरी कशाला गं? कापडं वालवाया?"

"आई, ही रेडिओची तार आहे. हिच्यावर काही टाकू नकोस."

"नाय टाकत बाय. तुजी तार हाय ती."

दुसऱ्या दिवशी तारेवर तिचं ओलं लुगडं होतं. काढायला गेले तर म्हणाली, "ऊन तिथंच येतं. तुजा रेडिओ काय ऊन खातो?" रविवारी सकाळी लुगडं निघालं आणि मी सेट लावला. जीपने आणलेली बॅटरी, कोनाड्यात सेट, पाटावर नवं लॉगबुक. हजेरी सुरू होती. मी कॉलसाइन पुकारली. पलीकडून एक भारदस्त, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखा आवाज आला, तुमच्यासारखाच. "नवीन स्टेशनचं स्वागत. नाव आणि ठिकाण सांगावं."

मी बटण दाबलं, नाव सांगितलं आणि म्हणाले, "ठिकाण जव्हार."

ओट्यावरून आई म्हणाली, "जव्हार? मंग आपुन कठं बसलोव?"

बटण दाबलेलंच होतं. तिचं वाक्य आभाळात गेलं. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, "मागून कुणीतरी दुरुस्ती करतंय. पुन्हा सांगता?" मी सांगितलं. युनिफॉर्मपासून शेवटच्या अल्फापर्यंत, एकेक अक्षर. त्याने परत म्हणून दाखवलं, उंबरपाडा. मग विचारलं, "त्या कोण बोलल्या?" मी म्हटलं, "माझी आई. घरी आता सगली हायेत." क्षमस्व म्हणाले नाही.

इथे पत्र संपवलं असतं तर माझी जीत झाली असती. पण आईने नंतर विचारलं, "जव्हार का गं बोललीस?" आणि मी तिला सांगितलं, सवय आहे, तोंडातून आलं. तुम्हाला ते सांगू शकत नाही. सवय नव्हती. तो आवाज ऐकला आणि एवढी परीक्षा, एवढा परवाना, एवढं तुमच्याशी मनातल्या मनात भांडून झाल्यावरही मला क्षणभर पाड्याची लाज वाटली. ती लाज तुम्ही शिकवलीत असं म्हणून मोकळी व्हायला मी तयार होते. आता तसंही वाटत नाही. ती माझी होती.

नव्या लॉगबुकाच्या पहिल्या ओळीत मी घाईने जव्हार लिहून बसले होते. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. एकच रेघ मारली आणि वर उंबरपाडा लिहिलं. खालचं वाचता येतं.