सरपंचाच्या पोळ्याला परवानगी

उंद्री, ता. चिखली, जि. बुलडाणा
दि. ८ फेब्रुवारी १९८७

चि. निवृत्तीस,

आबाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. हरभऱ्याला घाटे चांगले धरलेत, गहू ओंबीवर आहे, तांबडी गाय मागच्या हप्त्यात व्याली, गोऱ्हा झाला. तुझ्या मायचे गुडघे दुखतात पण ती ते कबूल करत नाही. सूनबाईलाही आशीर्वाद सांग, तिला आम्ही अजून पाहिलेलं नाही तरी.

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. वर नाव ‘सौ. गीताबाई म्हळसणे’. आत दीड पानाचं पत्र आणि सत्तावीस पानं टाइप केलेली. तुझ्या मायला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणजे वाचून दाखवणार मी, हेही तुला ठाऊक आहे. बारा वर्षांत मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मायच्या नावावर सत्तावीस पानं बापाकडून वाचून घेतलीस. हुशार आहेस.

तू लिहितोस की तुझ्या ‘हप्त्याची हजेरी’ या कार्यक्रमात पुढच्या महिन्यात ‘सरपंचाचा पोळा’ नावाचं अर्ध्या तासाचं प्रहसन करायचं ठरलं आहे. त्यातला सरपंच कोण हे उंद्रीत शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून आबांना विचार, ते नाही म्हणाले तर मी सगळे कागद फाडून टाकीन, वीस तारखेच्या आत कळव, असं मायला लिहिलंस. उत्तर देतो. पण आधी माझं ऐकून घे. दोन वर्षं झाली मी टीव्ही पाहतो आणि माझं मत विचारणारा अजून एकही भेटलेला नाही.

टीव्ही का घेतला ते आधी सांगतो. गावात मी सांगितलं की शेतीचा कार्यक्रम पाहायला घेतला. खरं असं की शाळेतल्या गुरुजींनी चिखलीला कोणाकडे तरी टीव्हीवर तुझं नाव पाहिलं आणि येऊन मला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी चिखली गाठली. आता माळवदावर अँटेना आहे. वारा सुटला की चित्राला मुंग्या लागतात, मग मी वर चढतो आणि तुझी माय खालून ओरडते, ‘आलं, गेलं, आलं, बस, तठीच धरून ठेवा.’ एकदा अख्खा कार्यक्रम मी अँटेना धरून वरच उभा होतो. पाहिलं इतरांनी, मी नुसतं हसणं ऐकलं. ज्या मिनिटाला ओसरीतले सगळे एकदम हसले, त्या मिनिटाला मला वाटलं, हे आपल्या पोराचं वाक्य असणार. खाली उतरून विचारलं तर तसंच होतं.

आता माझं मत. रविवारी ती जुनी ‘खोली नंबर नऊ’ पुन्हा दाखवतात, काळीपांढरी. त्यातला कारकून दर हप्त्याला घरमालकापासून काहीतरी लपवतो. कधी मांजर, कधी मेव्हणा, एकदा तर पलंग. दर हप्त्याला सापडतो. काय होणार ते सगळ्यांना आधीच माहीत असतं, तरी शेजारची सिंधूताई टीव्हीला बजावते, ‘अरे बाबू, त्या कपाटात नोको ठेवू.’ मलाही ते आवडतं. घरच्या वरणासारखं आहे, रोज तेच आणि रोज लागतं. पण त्यात एक गडी दाखवलाय, आपल्या वऱ्हाडातला. तो नुसतं ‘मले पाणी द्या’ म्हणाला की मागून हसण्याचा आवाज येतो. पहिल्यांदा मला कळेना. माणसाला तहान लागली, त्यानं पाणी मागितलं, यात हसू कशाचं? मग समजलं की ते आपल्या बोलीला हसून राह्यले. त्या रविवारी मी उठून टीव्हीची सरकती फळी ओढून घेतली. लोक म्हणाले, काऊन हो, बंद काऊन केला? मी म्हटलं, डोळे दुखतात.

तुझी ‘हजेरी’ वेगळी. ती ताजी असते तोवर झणझणीत आणि आठ दिवसांनी शिळी. साखरेच्या कोट्यावरची थट्टा लोक बुधवारी सांगतात आणि पुढच्या बुधवारी कोणाला आठवत नाही. मुंबईच्या बसचं जे काय दाखवता ते इथे कोणालाच समजत नाही, ते कमी कर. पण तो दुष्काळपाहणीचा तुकडा. मंत्री हेलिकॉप्टरात बसून तोंडात गुळगुळीत मराठी घोळवतात, आणि शेजारी बसलेला आपल्याकडचा शिपाई म्हणतो, ‘सायेब, वरून सारं बरंच दिसते. जरासे खाली उतरले त पाहाले भेटन.’ निवृत्ती, त्या वेळी टीव्हीत मागून हसणारे लोक शिपायाच्या बोलीला हसले नाहीत. ते मंत्र्याला हसले. तीच बोली, तीच मुंबई, आणि हसू फिरवलंस तू. मी ओसरीत सगळ्यांच्या पुढे बसलो होतो. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण माझा चेहरा मला कोणाला दाखवायचा नव्हता. फार अभिमान वाटला. हे मी याआधी कोणाजवळ बोललो नाही.

आणि शेवटी नावं येतात. तुझी माय दर वेळी विचारते, ‘आलं का?’ मी उठून काचेवर बोट ठेवतो आणि नाव सरकतं तसं बोट सरकवत नेतो. लेखन, निवृत्ती शालिग्राम म्हळसणे. मुंबईत पुष्कळ जण बापाचं नाव गाळून नुसतं आडनाव लावतात, मी पाहतो ना. तू गाळलं नाहीस. मला वाटायचं सवयीनं राहिलं असेल. आता तसं वाटत नाही.

बरं, आता सत्तावीस पानं.

कडूबा आला होता, त्याला बसवून घेतलं. पोळ्याच्या तोरणाची एक बाजू अजून तोच धरतो. तुझी माय खांबाला टेकून बसली. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. सरपंचाचं मी वाचलं, पोराचं मी वाचलं, बायांचं वाचलं, बैलांच्या तोंडी घातलेलंही मीच वाचलं. सरपंच ग्रामपंचायतीची हापशी कुठे खणायची म्हणून तळहातावर नारळ ठेवून गावभर पाणी शोधत हिंडतो आणि नारळ दर वेळी बरोबर त्याच्याच गोठ्यापुढे उभा राहतो, तिथे कडूबा इतका हसला की त्याला ठसका लागला. तुझी माय म्हणाली, ‘हे त तुमचंच हाय. तुमी असेच हात मागं बांधून चालता.’ मी म्हटलं, मी असा चालत नाही. तेव्हा दोघंही अजून हसले. कारण मी उठून हात मागे बांधूनच येरझारा घालत होतो.

नारळाचं खोटं नाही. हापशी मी माझ्याच गोठ्यापुढे घेतली होती. दुष्काळानंतर गावाला एकच मंजूर झाली होती आणि खालच्या आळीच्या बायांना ती लागत होती. मी म्हटलं पाणी इथेच लागतं. पाणी खाली पण लागलं असतं.

मग तू पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे असताना, माझी जोडी मानाची म्हणून पुढे असताना, झडतीचं गाणं म्हटलंस. सगळे कोणाची ना कोणाची थट्टा करतच होते, पोळ्याला तो सगळ्यांचा हक्कच आहे. तुझी मला अजून पाठ आहे.

गावात आली हापशी, पाण्याची लागली धार,
सरपंचाच्या गोठ्यापासून पावलं मोजा चार,
खालच्या आळीच्या बाया घागर घेऊन बेजार,
बैल म्हणे मालकाले, तुमचे लय उपकार.

प्रहसनात हीच घातलीस, एक शब्द बदलला नाहीस, ते बरं केलंस. पण त्यानंतरच्या पानांचं सांगतो. तू लिहिलंस की सरपंच आधी लाल होतो, मग खदाखदा हसतो, पोराला उराशी धरतो आणि म्हणतो, ‘माह्या डोळ्यात अंजन घातलं रे लेका.’ मग तोरण तुटतं, बैल पळतात, समाप्त.

ते वाचलं आणि ओसरीत कोणी हसेना. कडूबा पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. तुझी माय उठून चुलीपाशी गेली. मी कागदांचा गठ्ठा नीट केला आणि चष्मा पुसला.

निवृत्ती, असं काही झालं नव्हतं. मी हसलो नव्हतो. माझ्या हातात सणाची नवी काठी होती, रंगवलेली, टोकाला घुंगरं बांधलेली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीला कोणी काठी लावत नाही, वर्षभर मारलेलं असलं तरी त्या दिवशी त्याला झूल आणि पुरणपोळी. तेवढा एक दिवस आपल्या लोकांनी पाळला आहे. त्या दिवशी मी तुझ्यावर काठी उगारली. डाव्या खांद्यावर मारली, दोनदा. घुंगरं वाजली. कडूबा तोरण सोडून धावला, ‘शालिग्रामभाऊ, आज पोळा हाय, आज मारत नाहीत.’ आणि मी म्हटलं, ‘बैलाले नाही मारून राह्यलो, पोराले मारून राह्यलो.’

सारा गाव हसला. तुझ्या झडतीला हसले नसतील इतके माझ्या त्या वाक्याला हसले. तुला आठवत असेलच. तू माराला उभा राहिला होतास, हललाही नव्हतास. तू गेलास तो त्या हसण्यानंतर. बैलांच्या रांगेतून सरळ चालत चिखलीच्या रस्त्याला लागलास, आणि तू मलकापूरहून गाडीत बसलास हे मला चौथ्या दिवशी दुसऱ्याकडून कळलं.

मला त्या वेळी काय वाटलं तेही सांगतो, लपवून आता कोणासाठी ठेवू. मला बरं वाटलं. लोक आपल्या बोलण्याला हसले याचं बरं वाटलं. तुझ्यात हे हसवणं माझ्याकडूनच आलं असेल, पण तू ते वर बसलेल्यांवर वापरलंस आणि मी वीस वर्षांच्या पोरावर वापरलं.

हे वाक्य तू प्रहसनात घातलं नाहीस. तू विसरलास असं मी मानत नाही. सत्तावीस पानांत गावातलं एक कुत्रं विसरला नाहीस. आबाची अब्रू राखायला ते तू गाळलंस आणि त्या जागी उराशी धरणं घातलंस, जे मी केलंच नाही.

तर माझ्या दुरुस्त्या लिहून घे. उराशी धरणं काढ. अंजन पण काढ, तसं उंद्रीत कोणी बोलत नाही. काठी दाखव, घुंगरासकट. कडूबाचं वाक्य घाल आणि त्यावर माझं वाक्य घाल, जसंच्या तसं. लोक हसतील, हसू दे. मग पोरगा बैलांच्या मधून चालत जाताना दाखव आणि सरपंच काठी घेऊन एकटा उभा, बाकी काही नको. तेव्हा त्यांना कळेल आपण कोणाला हसलो ते. आणि सरपंचाचं नाव तू दुसरंच काहीतरी ठेवलंस, ते खोड. शालिग्राम ठेव.

अजून एक, प्रहसनासाठी नाही, तुझ्यासाठी. तू गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मी खालच्या आळीत दुसरी हापशी बसवून घेतली. त्यासाठी बुलडाण्याला अकरा चकरा मारल्या. तिथल्या तानुबाईनं पहिली घागर भरली आणि कोणी न सांगता ती त्या हापशीला ‘निवृत्तीची हापशी’ म्हणायला लागली. आज सगळे तेच म्हणतात. सुनांना, ज्यांनी तुला पाहिलंही नाही, त्यांनाही दुसरं नाव माहीत नाही. हे तुला कोणी कळवलं नाही, कारण मी कोणाला कळवू दिलं नाही. तुला कळलं असतं तर झडती खरी होती हे मला कबूल करावं लागलं असतं. ते आज करतो.

तुझी माय विचारते आहे की पत्रात काय लिहून राह्यले इतकं. मी म्हटलं परवानगी लिहितो. ती म्हणाली, ‘परवानगी एका ओयीत होते. तुमी माफी लिहून राह्यले असान.’ तिला वाचता येत नाही पण फसवता येत नाही.

तुमच्या साहेबांना दाखवायला खाली वेगळं लिहून सही करतो, तेवढं कापून दे. वरचं तुझ्याजवळ राहू दे.

‘सरपंचाचा पोळा’ हे प्रहसन माझ्यावर आहे, खरं आहे आणि माझी त्याला हरकत नाही.

शालिग्राम कडताजी म्हळसणे, माजी सरपंच, उंद्री.
लेखकाचा बाप. त्याला मारलं, ते चुकलं.