रिमोटचा अँटेना, १७.३ सेंटीमीटर

९ जुलै, बुधवार. सकाळी ८.१०
थोरल्या भावाच्या, दादांच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या रिमोटचा अँटेना तपासणीत तुटला. मजबुती पाहायला मी वाकवला होता. वाकायला पाहिजे होता. वाकला नाही, यावरून मालाचा दर्जा कळतो. लांबी ९.१ सेंमी.
गाडी दादांच्या मुलीनं, गुंजननं पुण्याहून पाठवली, बापासाठी. दादांना मार्चमध्ये लकवा मारला, उजवा हात गेला. डॉक्टरनं सांगितलं, अंगठा रोज शंभरदा दाबा. नुसतं दाबा म्हटलं तर दादा भिंतीकडे तोंड करायचे. गाडी आली आणि दाबायला लागले.
ज्योत्सना म्हणाली, चालत्या वस्तूले हात कायले लावता तुम्ही? बायकोला मी एवढंच सांगितलं, चोवीस वर्षं पंपाच्या मोटारी रिवाइंड करून राहिलो, हे तर खेळणं आहे. परवा देतो.

११ जुलै, शुक्रवार
मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले. फ्रिक्वेन्सी ४३३ मेगाहर्ट्झ असेल तर अँटेना १७.३ सेंमी. कंपनीनं ९.१ का ठेवला, ते तिलाच माहीत. मी आयटीआय केलं नाही, पण आयटीआयवाले मला विचारायला येतात. एक आला होता. २०१४ साली.
सायकलचा स्पोक बरोबर १७.३ वर कापला. डाग धरत नाही. स्टीलला साधं सोल्डर लागत नाही हे मला माहीत होतंच. खात्री करून घेतली.

१३ जुलै, रविवार
गुंजनचा फोन. म्हणाली, काका, दुकानदाराले सांगून नवीन रिमोट मागवतो मी. नको म्हटलं. घरात कारागीर असताना मागवणं शोभत नाही.
दादांना म्हटलं, तोवर बंद रिमोटचंच बटण दाबत जा, व्यायाम तोच. दादांनी दोनदा दाबलं. गाडीकडे पाहिलं. रिमोट उशीखाली सारला. सेलची बचत.

१६ जुलै, बुधवार
पावसानं दडी मारली. धानाची रोवणी अडली, रोपं वाफ्यातच. सगळे पंपावर, म्हणून मोटारी जळताहेत. दुकानात सात. त्यातल्या एकीचा मालक गोमाजी दोनदा येऊन गेला. म्हणे, लिलाधरभाऊ, पऱ्हे वाळून राहिले अन् तुमी खेळणं घेऊन बसले? शास्त्रीय काम गोमाजीला कळणार नाही.

१८ जुलै, शुक्रवार. दुपारी १
तांब्याची २२ गेजची तार घेतली. सरळ ठेवली तर दादांच्या डोळ्यात जाईल, म्हणून गुंडाळली. किती वेढे, हे व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही. एक एचपीच्या मोटारीचा हिशोब लावून ३६ दिले. जास्त वेढे, जास्त ताकद. मोटारीत असंच असतं.
चाचणी यशस्वी. गाडी चालली. रेंज ४० सेंमी.
खाटेपासून रुळाचं अंतर २ मीटर ६५.
खाट सरकवायचं सुचवलं. ज्योत्सना म्हणाली, मग भाऊजीले इंजिनावरच बसवा ना.

२० जुलै, रविवार
डागणी पक्की नसावी. पुन्हा तापवली. मोटारीचं ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरलं, दुसरं आपल्याकडे नाही. आतल्या सर्किटच्या पट्टीवरचं तांबंच उचलून आलं. नखाच्या चतकोराएवढं. चिमट्यात धरून बराच वेळ पाहिलं.
आता गाडी ४० सेंमीवरूनही चालत नाही. निदान बिघाड नेमका कुठे आहे, ते कळलं.

२२ जुलै, मंगळवार
गुंजनला मीच फोन केला. सहज. रिमोटचं विचारलं. म्हणाली, काका, ते मॉडेल बंद झालं.

२३ जुलै, बुधवार
डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दादांचा अंगठा धरून पाहिला. म्हणाले, मागच्या वेळी हलत होता. व्यायाम का सोडला? ज्योत्सना माझ्याकडे पाहत होती. मी डॉक्टरला हवा दमट आहे असं सांगितलं.

२५ जुलै, शुक्रवार
दुकान उघडलं नाही. नवीन योजना लिहायला घेतली. तारीख टाकली.

२७ जुलै, रविवार. सकाळी ११
ज्योत्सनानं विचारलं नाही. इंजिन काढून ठेवलं, रूळ सरळ जोडून खाटेपर्यंत आणले, डब्यांना सुतळी बांधली, दुसरं टोक दादांच्या उजव्या हातात दिलं. म्हणाली, ओढा. मी सांगायला उठलो की ही पद्धत अशास्त्रीय आहे. तोवर डबे हलले.
दादा ओढतात. हळू. अंगठा, बोटं, मनगट, कोपर. चार डबे, २ मीटर ६५. गाडी खाटेशी आली की थांबते. परत कशी जाणार, हा तांत्रिक प्रश्न होता. मी उपस्थित केला.
दादा म्हणाले, लिल्या, तू बस ना तिकडं.
मागच्या डब्याला दुसरी सुतळी बांधली. ओसरीच्या टोकाला बसलो. ते ओढतात. मग मी ओढतो. मोजलं, एकसष्ट वेळा झालं. मधे मी जरा नेटानं धरलं, रुळावरून घसरू नये म्हणून.
दादा म्हणाले, ढिली सोड.
सोडली.