तेरा पदकं आणि एक जाणकार

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा नेहमीचा पत्रातला नमस्कार नव्हे. या खेपेला मी खरोखरच आडवा पडलोय असं समजा, आणि पत्र संपेपर्यंत ऊठ म्हणू नका.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला थांबला का? मागच्या दाराची कडी सुताराने बसवून दिली, की तुम्ही अजून तिला दोरीच बांधताय? माझी तब्येत उत्तम आहे. इकडे उत्तम म्हणण्यासारखं तेवढंच आहे.

माझं आयुष्य कधी फिरलं ते मला मिनिटासकट सांगता येईल. गेला शनिवार, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं, वाचनालयाचं वरचं दालन. फरशीवर तेरा पदकं पसरली होती, बावीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्या तेरांतलं तुमचं कुठलं हे मला ओळखता येत नव्हतं.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. रविवारी जुन्या तुकडीचा मेळावा आहे, सगळे पदकं लावून येणार आहेत, तरी तुझ्याकडचं पदक रजिस्टर टपालाने धाड, असं तुम्ही दीड ओळीत लिहिलंय. (उरलेल्या कार्डावर मामीने माझ्या जेवणाची चौकशी केली आहे.) तेव्हापासून मी तुम्हाला तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात टपालखात्याच्या बेभरवशीपणावर पानभर विचार होते. दुसऱ्यात मला ताप आला होता. तिसऱ्यात दुकानात चोरी झाली होती, आणि ती इतकी छान जमली होती की चोराचं वर्णन लिहिता लिहिता मलाच त्याचा राग आला. मग लक्षात आलं, चोराच्या अंगात मी माझाच चौकड्यांचा शर्ट घातला होता. तेव्हा हे चौथं.

इतिहासाच्या सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. (भांडण कशावरून झालं ते आता नीट आठवत नाही. त्यांनी सन विचारला होता आणि मी त्यांना कारणं सांगत होतो, असं काहीतरी.) तुम्ही तेवढे आलात, ट्रंकेतून पदक काढून माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "राहू दे तुझ्याकडे. हातात काहीतरी वजनाचं असावं." कशाबद्दल मिळालं ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही, कारण मला ते माहीतच होतं. पदक म्हणजे डोंगर, पदक म्हणजे वर चढून झेंडा रोवणं. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाने आणखी काय विचारायचं?

मी नोकरीला आहे ते दुकान नाटकांना भाड्याने कपडे पुरवतं हे तुम्हाला ठाऊक आहे. लष्करी गणवेशांचं कपाट माझ्याकडे आहे. मोजणं, इस्त्री, बटणं, घामाचे डाग, सगळं मीच बघतो. यातून माझ्या डोक्यात अशी हवा गेली की लष्करातलं आपल्याला कळतं. त्यातच वाचनालयात एक फळा आहे, वाचकांनी पुस्तकाबद्दल किंवा चित्रपटाबद्दल कार्डावर अभिप्राय लिहून द्यायचा, तो तिथे टाचणीने लागतो. टाचणी लावते ती मुलगी पुस्तकांवर परतीच्या तारखेचा शिक्काही मारते. (तिचं नाव मला चार महिन्यांत कळलेलं नाही. मी मनात तिला तारीखवाली म्हणतो. ती शिक्का मारते तेव्हा आधी फुंकर घालते आणि मग मारते. यावर मी आणखी लिहू शकतो, पण तुम्ही मामा आहात.) ती कार्ड लावताना वाचते, हे एकदा माझ्या नजरेला पडलं. त्यानंतर मी थांबलोच नाही. चार महिन्यांत अकरा कार्डं, सगळी युद्धावरची, सही 'एक जाणकार'.

नमुन्यादाखल सांगतो, नाहीतर तुम्हाला माझी लाज पुरेशी समजायची नाही. एका चित्रपटात नायक चार दिवस खंदकात असतो आणि पाचव्या दिवशी त्याच्या बाहीला इस्त्रीची घडी असते. त्यावर मी लिहिलं, 'दिग्दर्शकाने शत्रूच्या धोब्याचे आभार मानायला हवे होते.' ती हसली. एका सेनापतीच्या आठवणी होत्या, सहाशे पानं. त्यांत ते कधीच चुकत नाहीत. चुकतो तो पाऊस, चुकतात ते नकाशे, आणि एकदा तर घोडा चुकतो. त्यावर लिहिलं, 'घोड्याने आपली बाजू मांडावी.' पुन्हा हसली. मग मला चढत गेली. वेढ्याच्या एका जाडजूड इतिहासाच्या शेवटी बावीस पानांचं परिशिष्ट होतं, वेढ्याच्या काळात आत काय काय शिल्लक होतं त्याची नुसती यादी, बूट किती, दोरखंड किती, सुया किती. त्यावर मी लिहिलं, 'परिशिष्ट वगळावे. इतिहास म्हणजे किराणा नव्हे.' यावर ती हसली नाही. मी समजलो, तिचं लक्ष नसेल.

आणि चौथं कार्ड. दिवाणखान्यात बसवून मी तुम्हाला नदी ओलांडायचा तो भव्य चित्रपट दाखवला होता, आठवतं? पूल कोसळतो, माणसं पाण्यात उतरतात, तेवढ्यात तुम्ही उठलात आणि झाडांना पाणी घालायला गेलात. पुढच्या सुट्टीत मी पुन्हा लावला, तुम्ही त्याच जागी पुन्हा उठलात. (झाडांना सकाळीच घातलं होतं. मामी म्हणाली, "घालू दे रे.") चौथ्या कार्डाचं शेवटचं वाक्य असं, 'काही प्रेक्षकांना अशा कलाकृतीची जाणच नसते, ते ऐन प्रसंगी उठून जातात.' हे मी तुमच्यावर लिहिलं, मामा. वर सही जाणकाराची.

पुढचा गाढवपणा असा. मालकांकडे एका नाटकाची मागणी आली, शेवटच्या अंकात बारा शिपायांना पदकं हवीत. मी मोठेपणाने तुमचं पदक काढून दिलं, साचा घ्या म्हणालो. मालकांनी भांड्यांचं पितळ वितळवून हुबेहूब बारा ओतली, मागच्या सनासकट. पंधरवड्याने तारीखवालीने विचारलं, शनिवारी वाचकांच्या बैठकीत युद्धपटांवर बोलाल का? तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. आणि तिथल्या तिथे मला कल्पना सुचली. बारा खोटी आणि एक खरं ताटात मांडायचं, लोकांना ओळखा म्हणायचं, कुणालाच ओळखता येणार नाही, मग मी उचलायचं. विषय, 'पडद्यावरचं खोटं आणि जाणकाराची नजर'. ओळखायला अवघड जावं म्हणून शुक्रवारी मी सगळी एकाच पावडरीने घासली. आणि (हे वाक्य मला दोनदा लिहावं लागलं) तुमच्या पदकाची विटलेली फीत कापून तिथे दुकानातली नवी लावली. मामीने निळ्या दोऱ्याने टाचलेली ती फीत.

पहिली फेरी झकास झाली. सगळे चुकले, मी मांडतानाच जागा पाठ करून ठेवलेलं डावीकडून तिसरं उचललं, टाळ्या पडल्या. ते परत जागेवर ठेवून मी तुमची गोष्ट सुरू केली. डोंगर सांगितला. तीन दिवस अन्नपाण्याविना सांगितले. उरलेल्या अकरा माणसांना तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं, फार सुंदर भाषण होतं. मागच्या रांगेत कोपऱ्यावरचे सलूनवाले काका बसले होते. उभी हयात त्यांनी छावणीत हजामती केल्या, हे मला काय माहीत. त्यांनी पुढे येऊन ताटातलं एक पदक उलटं करून सन वाचला आणि हळूच म्हणाले, "दादा, या साली डोंगरावर काही नव्हतं. या साली खाली पूर आला होता. तुमचे मामा पुरात होते का?"

एवढंच म्हणाले. आवाजात खोच नव्हती, उलट आपुलकी होती. आणि माझं टाळकं फिरलं. "माझा मामा पाण्यात नव्हता, डोंगरावर होता," असं म्हणत मी टेबलावर मूठ आपटली. ताट उडालं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

सगळ्यांनी मिळून पदकं गोळा केली. कुणीतरी म्हणालं, "आता तुमचं काढून घ्या बाजूला, हरवायचं." मी तेरांकडे पाहिलं. सगळी सारखी चकचकीत, सगळ्यांना सारखी फीत. मी एक उचललं, असंच, आणि म्हणालो, "हे." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सलूनवाले काका तर म्हणाले, "नजर आहे हं," आणि माझी पाठ थोपटली. मामा, त्यांनी मला खोटा म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, मला ते येतं. पाठ थोपटल्यावर काय करायचं हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

सगळे गेल्यावर ती खुर्च्या लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओळखता नाही ना आलं?"

मी म्हटलं, कशावरून?

"पहिल्यांदा उचललंत तेव्हा पदकाकडे बघत होतात. दुसऱ्यांदा माझ्याकडे." मग म्हणाली, "ते पुरात होते का?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत कधी?"

तिने ड्रॉवरमधून माझी अकराही कार्डं काढली, रबर लावून माझ्या हातात दिली. फळ्यावर जागा लागते म्हणाली. एवढ्या सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

दुकानात मालकांना खरं सांगितलं. वाटलं, ओतणारा माणूस, त्यांना तरी कळेल. त्यांनी तेराही तळहातावर तोलली, भिंगातून पाहिली, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "मलासुद्धा ओळखू येत नाही," म्हणाले. "लेका, याला म्हणतात काम." आता ते दुकानावर तशी पाटी लावणार आहेत. एका पुस्तकात वाचलं होतं की पदकाच्या कडेला शिपायाचा क्रमांक कोरतात. तेरांच्याही कडा कोऱ्या आहेत. तुमच्या पदकाची कडा मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिली नव्हती, हे त्यावरून कळलं.

तेव्हापासून मी ते वेढ्याचं परिशिष्ट पुन्हा वाचतोय. पुस्तकात सैन्य नदी एका वाक्यात ओलांडतं, 'पहाटे सैन्याने नदी ओलांडली', पूर्णविराम. कुणाचे बूट गेले, दोर कुणी धरला होता, धरलेला दोर कुणाच्या हातून सुटला, हे त्या वाक्यात नसतं. वेढ्याच्या अख्ख्या पुस्तकात शिल्लक दोरखंडाची लांबी विचारणारा माणूस एकच होता, परिशिष्ट लिहिणारा, आणि त्याला मी किराणावाला ठरवलं. बाकीच्यांनी माझ्यासारखं केलं, डोंगर आधीच ठरवून टाकला.

मामीला नमस्कार सांगा. तिला फितीचं सांगू नका, मी सांगेन.

तुमचा, (जाणकार हा शब्द खोडला आहे) भाचा

ता. क. फीत सापडली. चिंध्यांच्या पोत्यात होती. पोतं बुधवारी गादीवाल्याकडे जाणार होतं, म्हणून मंगळवारची दुपार मी त्यात डोकं घालून काढली. निळा दोरा शाबूत आहे.

ता. क. दुसरा. पदक टपालाने पाठवा म्हणालात. कुठलं पाठवू? म्हणून तेराही रुमालात बांधून घेतली आहेत. तुम्ही डोळे मिटून हात फिरवलात तर तुमचं तुम्हाला कळेल अशी माझी समजूत आहे. (नाहीच कळलं, तर मालकांना कृपया कळवू नका, ते पाटी मोठी करतील.) उरलेली बारा सोमवारी परत हवीत, नाटक आहे.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. त्या साली पाणी किती होतं, मामा? तुम्ही कुठे उभे होतात? सांगायचं नसेल तर सांगू नका, मी तुमच्याबरोबर झाडांना पाणी घालेन, सकाळी घातलं असलं तरी. सांगितलंत तर मी मधे बोलणार नाही. फळ्यासाठी विचारत नाही. कोरं कार्ड मी बरोबर घेतलेलं नाही, एक घेतलं होतं, ते परत ठेवलं.

ता. क. चौथा. पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर ते शनिवारी पोचेल आणि मी आजच संध्याकाळी, त्यामुळे हे तुम्ही माझ्या हातातूनच घ्याल आणि मी समोर उभा असताना वाचाल, ही शिक्षा मी स्वतःच ठरवली आहे. अडीचची गाडी आहे. मालक जेवायला गेलेत, त्यांच्यासाठी चिठ्ठी इस्त्रीखाली ठेवली आहे (इस्त्री गार आहे, दोनदा हात लावून पाहिला). कपाटाला कुलूप घातलं, रुमालाची गाठ पुन्हा आवळली. बाहेर पडतोय. दार ओढून घेतलं, हे शेवटचं वाक्य कागद दारावरच टेकवून लिहिलं आहे, म्हणून अक्षर असं.