अधिक महिन्यातलं बेट

आयसेलिन, न्यू जर्सी
१५ फेब्रुवारी २०२६

ती. वहिनींस,
मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

तुमचं कानातलं नवीन मशीन फोनवर नुसत्या शिट्ट्या मारतं, असं तुमची लेक अंतरा सांगत होती. म्हणून म्हटलं, आपला जुना मार्ग बरा, कागद आणि पेन. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, सांभाळून घ्या.

स्कॉटलंडचं पक्कं झालं. जूनचा पहिला आठवडा. तुम्ही, सीमा आणि मी. ग्लासगोला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ड्राइव्ह मी करणार. डावीकडून चालवायचं म्हणून सीमा आत्तापासूनच देवाचा धावा करतेय. तिला म्हटलं, अगं, मी पुण्यात टिळक रोडवर स्कूटर चालवलेला माणूस. तिथे आम्ही डावीकडून काय, उजवीकडूनही चालवायचो.

प्रश्न फक्त बेटांचा. तिथे बेटं ढिगाने, आपल्याकडे दिवस मोजके. स्कायला सगळं जग जातं, म्हणून कॅन्सल. हॅरिस लांब, शिवाय रविवारी तिथे बरंचसं बंद असतं म्हणे. सीमाला रविवारी चहा मिळाला नाही तर माझी खैर नाही. राहिलं टायरी. दादाचं टायरी! ग्लासगोला शिकत असताना तिथल्या डॉक्टरच्या जागी तो काही महिने राहिला होता. तिथल्या वाऱ्याच्या गोष्टी आपण किती वेळा ऐकल्यात! आणि खरी गंमत पुढेच आहे. मी पंचांग काढून बघितलं. दादाची तिथी, ज्येष्ठ वद्य पंचमी, त्याच आठवड्यात येते. तिथीला आपण तिघं त्याच्या बेटावर! ज्याने मला या देशात आणलं, पहिला थंडीचा कोट घेऊन दिला, त्याच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं. तुम्ही फक्त हो म्हणा.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
आपला धाकटा दीर,
मोरेश्वर


ईडन प्रेरी, मिनेसोटा
२ मार्च २०२६

चि. मोरूभावजी यांस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. बाहेर पडायला नको म्हणून घरातल्या घरात जिना चढते-उतरते. नवीन गुडघा जुन्यापेक्षा शहाणा निघाला.

टायरीचं वाचलं. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, तुम्ही ठरवाल ते खरं. माझं काय, मी मागच्या सीटवर बसणार. एक आपलं सहज लिहिते. नकाशात टायरीच्या अलीकडे मल नावाचं मोठं बेट दिसलं. तिथून लुंगा नावाच्या एका एवढ्याशा बेटावर बोट जाते, तिथे पफिन पक्षी असतात म्हणे. जमलं तर बघा. नाहीतर काही अडत नाही.

सीमाला सांगा, मेथीच्या वड्या जपून वापरतेय.
दोघांनी तब्येतीला जपावं, आणि या म्हातारीची आठवण ठेवावी.
मृणालिनी


आयसेलिन
१६ मार्च २०२६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पफिन? वहिनी, ते तर आपल्या इकडच्या मेन राज्यातसुद्धा असतात, कधीतरी जाऊन येऊ. त्या लुंगावर धड धक्कासुद्धा नाही. बोटीतून उतरलं की दगडधोंड्यांवरून चालायचं. तुमच्या गुडघ्याला काही झालं तर अंतरा मला उभा चिरेल. तो विषय सोडा.

टायरीचं हॉटेल बुक केलं. फेरीचं बुकिंगही झालं, आपण गाडीसकट बोटीत. तीळ आणि दर्भ मी आणतो, तुम्ही दादाचा तो फोटो आणा, टाय लावलेला. मंडळातल्या लोकांना सांगितलं तर सगळे म्हणाले, वहिनी भाग्यवान आहेत. मला तर आत्तापासूनच भरून येतंय.

आशीर्वाद असावेत, ओरडा नसावा.
मोरेश्वर


ईडन प्रेरी
२२ मार्च २०२६

चि. मोरूभावजी यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र फ्रिजवर लावून ठेवलं होतं. येता-जाता बघायचे आणि पुढे जायचे. आज म्हटलं, बाई गं, लिही आता, नाहीतर जूनमध्ये टायरीवर उभी असशील आणि तोंड वाकडं करायचीही सोय नसेल.

आधी सोपं ते सांगते. तुमची पंचमी बरोबर, महिना चुकला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, भावजी! जूनच्या पहिल्या आठवड्यात येते ती अधिकातली पंचमी. ह्यांचं श्राद्ध निज ज्येष्ठात, म्हणजे जुलैत, आपण घरी परतल्यावर. पूल बांधणाऱ्या इंजिनियरने अख्खा महिना गिळला की हो!

एवढंच लिहून गप्प बसले असते तर टायरी आपोआप सुटलं असतं. पण ती पळवाट झाली. खरं हे, की मला टायरीला जायचंच नाही. हे गेल्यापासून सगळे मला प्रेमाने ह्यांच्याच जागी नेताहेत. ह्यांचं कॉलेज, ह्यांचं पहिलं हॉस्पिटल, शिकागोतलं ह्यांचं आवडतं हॉटेल. मी जाते, डोळे पुसते, फोटो काढून घेते. आता दमले. आणि ह्यांना स्वतःला टायरीला जायचं असतं तर गेले नसते का? आम्ही दोनदा लंडनला जाऊन आलो. नाव काढलं की म्हणायचे, तिथला वारा खाल्ला तेवढा पुरे.

माझ्या क्लिनिकमध्ये तपासायच्या खोलीत एका पक्ष्याचं चित्र होतं, आठवतंय? केशरी चोचीचा, जरा गोंधळलेल्या चेहऱ्याचा. तोच पफिन. पोरांना सुई टोचताना मी म्हणायचे, तो पक्षी बघ. पोरं त्याच्याकडे बघायची आणि मी त्यांच्या दंडाकडे. इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवला, मी मात्र कधी धड पाहिला नाही. मला तो खराखुरा बघायचाय, अगदी जवळून. दगडांचं म्हणाल तर जिना उगाच चढत नाहीये मी.

राग येईल तुम्हाला. येऊ द्या. पण लिहिल्याशिवाय राहवेना.
माया पातळ करू नका.
मृणालिनी


आयसेलिन
५ एप्रिल २०२६

ती. वहिनींस,
सीमाचा सा. न. वि. वि.

स्वारी रुसली आहे, म्हणून उत्तर मी लिहितेय. पत्र वाचलं, घडी घातली आणि गराजमध्ये जाऊन बसले. रात्री जेवताना म्हणाले, वहिनींना दादाचं काहीच कसं वाटत नाही. मग मात्र मी सुनावलं. म्हटलं, दादांचं आजारपण कुणी काढलं? तुम्ही फोन करून विचारत होता, त्या उशाशी बसल्या होत्या.

काल ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेलो. गाडी पार्क केली तरी उतरेनात. स्टिअरिंग धरून म्हणाले, सीमा, मी सगळं ठरवलं आणि वहिनींना हो म्हणा एवढंच सांगितलं. विचारलं नाहीच. मग भेंडी त्यांनी स्वतः निवडून घेतली, यावरून काय ते समजा.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला बोट लागते, चार तास बोटीत काढायची कधीपासून धास्ती होती. दादांचं बेट म्हणून मीही तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही बोललात, बरं झालं बाई.

मोठ्या जावेचा हात पाठीवर असू द्या.
सीमा


आयसेलिन
१२ एप्रिल २०२६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, त्या वाऱ्यात जाऊन उभा राहिलो की दादा भेटेल. ती माझी हौस होती, मी ती तुमच्या गळ्यात घातली. चुकलो.

टायरी कॅन्सल. मलवर खोल्या मिळाल्या, टोबरमोरी गावात. लुंगाची बोट बुक केली. सीमासाठी उलटीच्या गोळ्याही घेतल्या. अट एकच, दगडांवरून चालताना माझा हात धरायचा.

अधिक महिन्याचं मंडळात कुणाला बोलू नका हं. तिथे सगळे मलाच तिथ्या विचारतात.

राग गेलाय, लोभ तिथेच आहे.
मोरेश्वर


ईडन प्रेरी
६ जुलै २०२६

चि. मोरूभावजी आणि चि. सौ. सीमा यांस,
अ. उ. आ.

फोटो पोचले. सगळ्यात मी तोंड उघडं टाकून उभी आहे. अंतराने त्यातलाच एक मोठा करून आणला. तो पक्षी माझ्या बुटाशी येऊन उभा राहिला, चोचीत चांदीसारखे मासे, आणि मी केवढ्याने अगं बाई म्हणून ओरडले तरी ढिम्म हलला नाही. इतकी खूश मी शेवटची कधी होते, मला खरंच आठवत नाही. आणि दगडांवरून कुणी कुणाचा हात धरला होता, ते मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही तिथ्यांचं सांभाळा, मी हे सांभाळते.

एक गोष्ट मात्र तेव्हा बोलले नाही. बोटवाल्याने पश्चिमेकडे बोट दाखवून ती सपाट रेघ म्हणजे टायरी असं सांगितलं, तेव्हा तुम्ही टोपी काढून कितीतरी वेळ उभे राहिलात. तुम्हाला तिथे जायला हवं, भावजी. पुढच्या वर्षी जाऊ. तुमच्यासाठी म्हणून मी आनंदाने येईन. सीमाला आपण दोघं मिळून धरू.

परवा ह्यांची तिथी झाली, नेमकी चार जुलैला. बाहेर फटाके, आत अळूची भाजी आणि खीर. पान वाढलं, फोटोला नमस्कार केला. दरवर्षी त्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही. यंदा सुचलं. म्हटलं, अहो, ऐकताय ना? मी एका बेटावर जाऊन आले, आणि तिथे तुम्ही कधीच गेला नव्हता.

तुम्हा दोघांना उदंड आयुष्य लाभो, आणि माझ्यावरची माया तसूभरही कमी न होवो.
तुमची,
मृणालिनीवहिनी