माझी वाटी आधी

१२ नोव्हेंबर
शेवटी गेले नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे. फिशर, म्हणजे शौचाच्या जागी चीर. दोन महिन्यांत पोट सुधारलं नाही तर ऑपरेशन. "रोज पोट साफ होतं का?" त्यांनी सरळ विचारलं. माझी कानशिलं तापली. इथे लिहून टाकते, होत नाही. रडू येतं इतकं दुखतं. म्हणाल्या, फायबर वाढवा: पालेभाज्या, कडधान्यं, सालासकट फळं, पीठ न चाळता पोळ्या. आणि पाणी भरपूर.
ह्यांना सांगितलं, पित्त झालंय.

१४ नोव्हेंबर
चाळणी माळ्यावर. निखिल म्हणे, "आई, हा पुठ्ठा आहे यार." म्हटलं, चावून खा, सत्तावीस वर्षांचा घोडा झालास.

१८ नोव्हेंबर
मेथी, मटकीची उसळ, गाजराची कोशिंबीर. हे खूश. निखिलने उसळ तीनदा घेतली. सगळ्यांना वाढून मी बसले तेव्हा उसळीचं नुसतं पाणी उरलेलं. पोळी-लोणचं खाल्लं, नेहमीसारखं. सासूबाई सांगत होत्या, हल्ली पोट कसं छान साफ होतं. वा! घरादाराची पोटं सुधारली, दुखणं माझं तिथंच.

२१ नोव्हेंबर
डॉ.ना सांगितलं, रोज दोन भाज्या करते. "करता. खातं कोण?" घरापर्यंत तणतणत चालत आले. इतक्या वर्षांत एकानेही विचारू नये, तुला उरलंय का?

२२ नोव्हेंबर
भाजी उतरवली की आधी माझी वाटी भरून झाकायची. ठरलं. हे म्हणाले, "नैवेद्य का?" म्हटलं, हो, माझा. सासूबाई म्हणाल्या, "बाईने आधी काढून घेतलं की घरची बरकत जाते." गेली तर गेली. मेथी बाजारात मिळते.

२७ नोव्हेंबर
वाटी रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, निखिलला कमी पडली म्हणून दिली."
मग मी बोललेच. फिशर आहे, रक्त पडतं, ऑपरेशन सांगितलंय. निखिलसमोर, मोठ्याने. हे म्हणाले, "हळू, खिडकी उघडी आहे." ह्यांना आधी खिडकी दिसली! म्हटलं, ऐकू दे सगळ्या सोसायटीला.
निखिल सॉरी म्हणाला. दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "मलाही होतं ते. तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही." फार वाईट वाटलं. तरी वर म्हणतातच, सहन करावं.

४ डिसेंबर
रविवारी वन्संच्या मृण्मयीचं केळवण आपल्याकडे. नवरी आणि पुरुष आधी, घरच्या बायका मागून. हे म्हणतात, "एक दिवस पाहुण्यांत तमाशा नको." तमाशा म्हणे. मी वाल सोलत राहिले.

७ डिसेंबर
पानं मांडली. मृण्मयीशेजारी एक पान जास्तीचं मांडलं, त्यात वालाची उसळ, कोशिंबीर, पालेभाजी भरपूर वाढून घेतली आणि बसले. सगळे बघतच राहिले. हे वरणाचं भांडं घेऊन उभे. "वाढणार कोण?" म्हटलं, अहो, भांडं तुमच्याच हातात आहे.
वन्संनी तोंड फिरवलं. मृण्मयी म्हणाली, "मामी, उसळ मस्त झालीय," आणि जेवू लागली. मीही जेवले, सावकाश, चावून.
सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. मी सरकून शेजारी जागा केली. त्या बसल्या नाहीत. आतही गेल्या नाहीत.