सोबतीला कोण

शेणवा, ता. शहापूर
१६ मार्च २००१

तीर्थरूप रंगूताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे भगीरथचा, एका हाताने नमस्कार. दुसरा हात प्लास्टरमध्ये आहे, तो मनाने जोडला असं समज. घाबरू नकोस, डावा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? दामूभावजींनी तंबाखू सोडली असं ऐकलं. खरंच सोडली, की पिशवी फक्त गोठ्यात हलवली? (हे पत्र त्यांना वाचून दाखवशील तेव्हा एवढं वाक्य गाळ.) म्हैस व्याली असेल तर रेडी की रेडा ते कळव. इकडे पूजाला नववा लागलाय, तब्येत चांगली आहे, तारीख पाडव्याच्या आसपासची दिलीय. मला तुझ्याकडून काहीही नकोय, पत्र सहज लिहितोय. फोनच केला असता, पण आमचा बूथवाला गिऱ्हाईक बोलायला लागलं की पंखा बंद करून ऐकतो, आणि ही गोष्ट आमच्या रंजीची आहे. ती मला गावभर करायची नाही.

तुला माहीतच आहे, रंजी तिच्या आजीजवळ, म्हणजे आपल्या आईजवळ, आतल्या खोलीत झोपायची. आई गेल्या श्रावणात गेली, आणि तेव्हापासून आमची ही आठ वर्षांची घोडी माझ्या नि पूजाच्या मधे झोपायला लागली, तीही माझा कान मुठीत धरून. कान सोडवला की टक्क जागी. सात महिने मी एकाच कुशीवर झोपत होतो, आणि दाढी करताना आरशात बघितलं तर उजवा कान डाव्यापेक्षा मोठा झालेला दिसतो. (पूजा म्हणते तो लहानपणापासून तसाच आहे. तू सांग.) तेही चाललं असतं. पण पोरगी झोपेत लाथा झाडायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पूजाला तपासून सांगितलं, "हिला आता बाजूला झोपवा. पोटाला लागलं म्हणजे?" आतली खोली रिकामीच होती. मी रंजीला म्हटलं, आजपासून तुला स्वतःची खोली, मुंबईच्या पोरांसारखी. ती म्हणाली, "मी नाय झोपनार एकटी. मुंबईच्या पोरांना बोलवा नि झोपवा."

मग मी तुला पत्र टाकलं, आणि तू उलट टपाली तीन उपाय कळवलेस: उशाखाली विळा, कपाळाला अंगारा आणि तोंडात मारुतीचं नाव. तिन्ही केले. विळा ठेवताना रंजीने विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, भुतं लोखंडाला घाबरतात. ती म्हणाली, "म्हंजे भुतं हाइत?" ताई, तोपर्यंत पोरीच्या डोक्यात भूत नव्हतं गं. ते आपण दोघांनी मिळून घातलं. पुढचा अर्धा तास मी तिला भुतं नसतात हे पटवत होतो, आणि ती मला, नसतील तर विळा का, हे विचारत होती. शेवटी मी विळा काढून घेतला, तर म्हणाली, आता राहू द्या, काय सांगता येतं.

तेव्हा मी म्हटलं, हे बायकी उपाय पुरे. (रागावू नकोस.) मी पंधरा वर्षं या पंचक्रोशीत वायरमनचं काम करतोय, निम्म्या घरांना उजेड मी दिलाय, माझ्या पोरीला अंधाराची भीती वाटावी म्हणजे धंद्याला कमीपणा. दुकानातला हिरवा झिरोचा बल्ब आणून लावला. त्या उजेडात भिंतीवरची पाल कोवळ्या पडवळासारखी दिसायला लागली, नि खुंटीवरचा माझाच सदरा असा उभा दिसायला लागला की मलाही क्षणभर ओळख पटली नाही. बल्ब काढला. मग डोकं चालवून असं काम केलं की शहापूरच्या बंगल्यातसुद्धा सापडायचं नाही: रंजीच्या उशाशी बटण, माझ्या उशाशी बेल. भीती वाटली की दाब, बाबा हजर. पोरगी खूश झाली. पहिल्याच रात्री अकरा वेळा बेल वाजली. अकराही वेळा मी धावत गेलो, आणि दर वेळी ती डोळे उघडे ठेवून शांत पडलेली. "काय झालं गो?" "काय नाय. वाजते का बघत व्हते." अकराव्या वेळी मी पार वैतागलो आणि तिला ओरडलो. तो ओरडा मला अजून बोचतो, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

दुसऱ्या रात्री बेल एकदाही वाजली नाही. शांत झोपायचं ना? नाही. मी पडल्या पडल्या विचार करतोय, वाजत का नाही? पोरगी बरी आहे ना? का कालच्या ओरडण्याने बटण दाबायला घाबरतेय? तेवढ्यात लक्षात आलं की पंखा पण फिरत नाहीये, म्हणजे लाइट गेलीय, म्हणजे बेल वाजणारच नाही, म्हणजे ती बिचारी अंधारात कधीपासून बटण दाबत असेल! मी जो उठून पळालो तो उंबऱ्याला अडकून थेट डाव्या हातावर. लाइटीवर चालणारी बेल लाइट गेल्यावर वाजत नाही हे वायरमनला आधी सुचलं नाही, यावर नाक्यावर सध्या बरंच बोललं जातं. रंजी जागीच होती. ती बॅटरी घेऊन आली, माझ्याजवळ बसली, आणि मी कण्हायचा थांबलो की विचारायची, "बाबा, हाय ना?" आपण किती गाढव असतो ताई. मला वाटलं, ती हात जागेवर आहे का ते विचारतेय.

हात प्लास्टरात गेला, बेल मी काढून टाकली, आणि रंजी परत आमच्या मधे आली. पूजा भिंतीला चिकटून, पोटावर उशी धरून झोपायला लागली. तिची झोप उडाली होती आणि पायांना सूज आली होती. मला दोघींची काळजी. बाळ येईल तेव्हा या पोरीला जबरदस्तीने उचलून आत टाकायचं का? तिला वाटेल, बाळ आलं नि मला हाकललं.

अशात एका संध्याकाळी समोरची बाळीबाय ओटीवर आली. तिचा मुलगा नि सून वीटभट्टीवर गेलेत, घरात ती एकटी. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको: घरात बाई एकटी राहिली की शेजारचं एखादं पोर रात्री सोबतीला द्यायचं. पोर सहा वर्षांचं असलं तरी चालतं, चोर आला तर ते काय करणार हे कुणी विचारत नाही. तूही बुधूकाकीकडे जायचीस आणि सकाळी तिथली भाकरी खाऊन यायचीस. तर बाळीबाय म्हणाली, "मला लय भ्याव वाटतं गो. तुमची रंजी देता का सोबतीला?" मी हसणारच होतो. ज्या पोरीला सोबत लागते ती कुणाची सोबत करणार? पण रंजी उठली, चादर काखेत मारली, बॅटरी घेतली, तुझा तो विळाही घेतला, आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "चल आजी. भुतं आली तं मी हाय." गेली. एकदाही मागे वळली नाही. त्या रात्री माझा कान मोकळा होता, आणि मला पहाटेपर्यंत झोप आली नाही.

आठ दिवस ती सोबतीला जात होती. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बाळीबायने नळावर पूजाला सांगितलं ते ऐक, आणि बसून ऐक. रंजी रात्री तिच्या नाकापुढे हात धरून बसली होती, श्वास चालतोय का बघत. बाळीबायने जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "मी झोपले का मानूस जातं." आई गेली त्या रात्री रंजी तिच्या कुशीत होती ना. सकाळी आम्ही तिला उचलून शेजारी नेलं, तेराव्याच्या गडबडीत पडलो, आणि तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. पोरीने आपलं आपण ठरवलं, मी झोपले म्हणून आजी गेली. सात महिने ती माझा कान धरून मला राखत होती, ताई. ती अकरा वेळा बेल वाजवत होती ती भीतीने नव्हे, मी येतो का, आहे का, ते बघायला. आणि मी तिला ओरडलो.

बाळीबाय निरक्षर बाई. पण तिने काय सांगावं? म्हणाली, "येडी हायस काय? तुजी आजी एकटी नाय गेली गो. तू व्हतीस ना सोबतीला. सोबत म्हंजे जागं र्‍हायाचं नसतं, जवळ असायचं असतं. तुजी आजी बिनघोर झोपली ती तुज्यामुलं." त्यावर रंजी खूप रडली म्हणे, आणि मग बाळीबायच्या पोटावर पाय टाकून सकाळी उन्हं येईपर्यंत झोपली. मी हे ऐकून दुकानात जाऊन बसलो आणि दुपारपर्यंत एकच प्लग उघडत नि मिटत होतो.

शिमग्याला बाळीबायचा मुलगा घरी आला, सोबत संपली. रंजी चादर घेऊन परत आली. मी आमच्या मधे जागा करत होतो, तर ती सरळ आतल्या खोलीकडे वळली. म्हटलं, कुठे? म्हणाली, "आजीची खोली एकटी हाय. तिच्या सोबतीला." तेव्हापासून तिथेच झोपते. पूजाच्या पायांची सूज उतरली. मी मध्येच उठून दारातून बघतो, ती हातपाय पसरून झोपलेली असते, आणि मग मीही जाऊन पडतो. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवरून हात फिरव. एवढंच सांगायचं होतं.

तुझा भाऊ,
भगीरथ

ता. क. जी बाळीबाय भाताच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर रात्रभर एकटी बसून रानडुकरं हाकलते तिला आत्ताच भ्याव कसं वाटलं, हे मला कळत नव्हतं. काल कळलं. पूजानेच तिला पढवून पाठवलं होतं. मी बेलच्या वायरी गुंडाळत होतो तेव्हा.

ता. क. २ काही नको म्हणालो होतो, पण एक हवंय. आईची गोधडी, जी तू तेराव्यानंतर मुरबाडला नेलीस. रंजी मागते. तुलाही ती सोडवत नसणार, ठाऊक आहे, म्हणून तीन पानं लिहिली तरी मागायचं धाडस होत नव्हतं. टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये, पूजाच्या बाळंतपणाला रहा, नि तूही चार रात्री त्या गोधडीत झोप.

ता. क. ३ पाकीट चिकटवत होतो तर रंजीने विचारलं, "आई दवाखान्यात जाईल तवा तुमी एकटेच झोपनार? का मी येऊ सोबतीला?" मी म्हटलं, ये.